अंग पुसताना बोलायचं

४ जानेवारी

नापास! आमची घुमी नापास झाली! लेखी परीक्षेत वर्गात दुसरी आणि प्रात्यक्षिकात नापास.

माझी नात नर्सिंगच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं अंग कसं पुसायचं, अशी परीक्षा होती. पेशंट म्हणजे रबराचा पुतळा. मुली त्याला मामा म्हणतात. घुमीने मामाला डोक्यापासून तळपायापर्यंत पुसलं, त्याला न उठवता खालची चादर बदलली, पाण्याचा थेंब सांडू दिला नाही. पण तोंडातून एक शब्द काढला नाही. म्हणून नापास! पुतळा असला म्हणून काय झालं, त्याला सांगत सांगत करायचं असतं म्हणे – आता मी तुमचा हात पुसते, आता तुम्हाला कुशीवर वळवते.

मुलगा जेवता जेवता थांबला. "बाहुलीशी बोलली नाही म्हणून नापास?"

सूनबाई म्हणाली, "ही माणसांशी बोलत नाही, रबराशी काय बोलणार!"

घुमी मान खाली घालून बसली होती. हे नाव तिला उगाच नाही पडलं. पाळण्यात होती तेव्हाही रडायची कमी आणि बघायची जास्त.



६ जानेवारी

मार्चमध्ये सगळ्या वर्गाची पुढची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, घुमीची तीच फेरपरीक्षा. त्यात पास झाली तरच वॉर्डात स्वतःच्या हाताने पेशंटचं करू देतील. तोवर बाजूला उभं राहून भांडी उचलून द्यायची.

मुलगा तिला म्हणाला, "या वेळीही नाही जमलं तर सोडून दे, बाळ. मावशीच्या कपड्यांच्या दुकानात बस. तिथे सगळं गिऱ्हाईकच बोलतं."

वाईट मनाने नाही बोलला. पोरीचं उतरलेलं तोंड त्याला बघवत नाही. पण घुमीने हो म्हणून मान हलवली नाही. नाही म्हणूनही हलवली नाही. नुसती बोटं एकमेकांत घट्ट धरून बसली. आमच्या घरात ही बोटं मला एकट्याला वाचता येतात. तिला सोडायचं नाहीये.

आणि मी काय करू शकतो? सातवीत शाळा सुटली माझी. छापखान्यात कागद कापण्यात जन्म गेला. मी काळजी करू शकतो. ती करतोच आहे.

११ जानेवारी

दुपारी घुमी माझ्या खोलीत आली. हातात दोन वाडगे, टॉवेल, साबण, मेणकापड.

"आजोबा, जरा आडवे व्हा ना."

"का? मला काय झालंय?"

"काही नाही. तुमचं अंग पुसायचंय."

आता मी रोज सकाळी माझ्या पायांनी न्हाणीघरात जाऊन अंघोळ करतो. पण तिचं तोंड बघून आडवा झालो. दारातून आमची म्हातारी म्हणाली, "गादी भिजली तर दोघांनाही दोरीवर वाळत घालीन!"

आडवा झालो मात्र, आणि जीव घाबरा झाला. उभ्या माणसाला जग समोर दिसतं. आडव्या माणसाला नुसता पंखा दिसतो, छताचा पोपडा दिसतो आणि कुणाचं तरी वाकलेलं तोंड. मी विचारत सुटलो. पाणी गार आहे का? खिडकी लावलीस का? समोरच्या गच्चीतून दिसतं का? साबण डोळ्यात जाणार नाही ना? लेंगा काढायचा का? लेंगा मी काढणार नाही. दाराला कडी आहे का? गादी भिजली का?

तिचा हात इतका हलका, की फडकं लागतंय की वारा लागतोय ते कळेना. पण तोंड बंद. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. शेवटी फडकं वाडग्यात टाकलं.

"आजोबा, मामा एवढे प्रश्न विचारत नाही!"

"मामा रबराचा आहे," मी म्हटलं. "त्याला सर्दी होत नाही."

वाडगे उचलून निघून गेली. दुखावलं मी पोरीला. एवढं विचारायची काय गरज होती?

म्हातारी म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी हेच ऐकतेय. तिने एका दुपारी ऐकलं तर काही बिघडत नाही."

१२ जानेवारी

पुन्हा आली!!

१९ जानेवारी

रोज दुपारी येते. मी ठरवतो की आज तोंड शिवून पडायचं. जमत नाही. डोळे मिटून तोंड पुसून घेताना तर अगदीच धीर सुटतो, कारण पुढचा स्पर्श कुठे होणार ते कळत नाही. काल एकदम पाठीला ओलं फडकं लागलं आणि मी असा उडालो, की वाडगा उलटा. गादी भिजली. म्हातारीने दोरीपर्यंत नेलं नाही एवढंच.

मी घुमीला म्हटलं, "बाळ, तू काय करतेस ते तुला माहीत असतं. मला माहीत नसतं. मला आधी कळलं तर मी उडणार नाही."

ती बराच वेळ फडकं पिळत राहिली. त्यात पाणी उरलं नव्हतं, तरी पिळत राहिली.

आज वळायच्या वेळी थांबली. घसा साफ केला. आणि म्हणाली –

"आता पाठ."

दोनच शब्द! पण कुणाला तरी सांगावंसं वाटलं. म्हातारीला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पाठ म्हणाली, भाषण नाही केलं." पण हसली.

२६ जानेवारी

दोनाचे आता पुष्कळ झालेत. "आजोबा, डावा हात देता का मला?" "आजोबा, पाणी कोमट आहे, बोट बुडवून बघा." असं बोट बुडवून बघितलं की खरंच निम्मी भीती जाते! मी बुडवलं, बरोबर होतं, आणि मग खिडकीचं विचारायचं विसरलो. नंतर आठवलं, तेव्हा विचारलं.

तिला मी एक विचारलं. म्हटलं, इतके दिवस गप्प का राहायचीस ग? म्हणाली, "मामा ऐकत नाही. ऐकतच नाही त्याला काय सांगायचं? खोटं वाटतं मला." पोर लबाडी करू शकत नाही, म्हणून नापास झाली. मला राग येण्याऐवजी बरंच वाटलं. पण परीक्षेत मामाच असणार आहे. त्याचं काय करायचं?

३० जानेवारी

कॉलेजातून बोलावणं! मोठ्या सिस्टरनी मला भेटायला बोलावलंय. या तिच्या वर्गाला शिकवतात. कशाला बोलावलं असेल? तक्रार असणार. घुमी पाण्याचे वाडगे वापरते ते कॉलेजचे तर नाहीत? सूनबाई म्हणते आपलेच आहेत. वाडग्यांच्या बुडाला कोरलेलं नाव बघितलं, आपलेच आहेत.

३१ जानेवारी

इस्त्रीचा सदरा घालून गेलो. म्हातारी बरोबर आली, मी वाटेत परत फिरू नये म्हणून.

मोठ्या सिस्टर बुटक्या आहेत, खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, पण आवाज असा की शिपाई सुद्धा सरळ उभा राहतो. म्हणाल्या, "आजोबा, तुमची नात तोंड उघडायला लागलीय. विचारलं कसं, तर म्हणाली आजोबा फार प्रश्न विचारतात. खरं का?"

"थोडे विचारतो," मी म्हटलं.

"थोडे?" म्हातारी म्हणाली.

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "आमचा पुतळा कटकट करत नाही ना, त्याने मुली बिघडतात. वॉर्डात पहिला माणूस 'आई ग' म्हणतो आणि यांचे हातपाय गळतात. तुम्ही आठवड्यातून एकदा इथे येऊन पेशंट व्हाल का? घरी करता तेवढीच कटकट करायची. कमी नाही."

जन्मभर ज्यासाठी बोलणी खाल्ली, त्यासाठी मला आमंत्रण! म्हातारी परत येताना रस्ताभर पदर तोंडाला लावून हसत होती.

५ फेब्रुवारी

आज पेशंट झालो. मोठी खोली, पलंगांच्या दोन रांगा, प्रत्येक पलंगाभोवती हिरवा पडदा. मामा पाहिला. नाकाचा शेंडा उडालाय त्याचा, एक कान चिकटपट्टीने लावलेला. इतक्या मुलींनी पुसलाय की कातडी गुळगुळीत झालीय. बिचारा.

घुमीच्या वर्गातली एक उंच मुलगी आहे, तिला सगळ्या शिडी म्हणतात. तिने माझं अंग पुसलं. ही उलट प्रकारची, बसमधल्या कंडक्टरसारखी ओरडते. "हात वर! वळा! झालं!" मी म्हटलं, "बाळ, मला ऐकू येतं. आणि तू मला उतरवायला निघाल्यासारखी बोलू नको." सगळ्या मुली खिदळल्या. शिडी सुद्धा. मग हळू बोलली.

सिस्टरनी मला एका बाजूला नेऊन सांगितलं होतं, तुम्हाला न्यूमोनिया आहे, छातीत दुखतं, धाप लागते. ते लक्षात ठेवा.

लक्षात आहे.

७ फेब्रुवारी

सकाळपासून छातीत दुखतंय. धाप लागते. जिना चढून आलो तर जास्तच. घरात सांगितलेलं नाही.

८ फेब्रुवारी

सांगितलं. मुलाने कामावरून सुट्टी घेतली, रिक्षाने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. फुप्फुसं स्वच्छ आहेत म्हणाले. "न्यूमोनिया आहे असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"नर्सिंग कॉलेजच्या मोठ्या सिस्टर," मी म्हटलं.

संध्याकाळी घुमी घरी आली. ऐकलं. आधी डोळे मोठे केले. मग हसायला लागली. हसली म्हणजे काय, भिंतीला टेकली, खाली बसली, डोळ्यांतून पाणी! "आजोबा, ते नाटकातलं होतं! प्रत्येक पेशंटला आजार वाटून देतात! तुम्ही कण्हलात तर काय करायचं ते शिडीला कळायला पाहिजे म्हणून!"

मुलाने कपाळाला हात लावला. पण तो घुमीकडे बघत होता. तिला एवढ्या मोठ्याने हसताना त्याने कधी पाहिलं होतं?

छातीतलं दुखणं गेलं. सिस्टरनी निरोप पाठवलाय, पुढच्या खेपेला मोडलेला पाय देते, तो तरी घरी नेऊ नका.

२० फेब्रुवारी

कॉलेजच्या फाटकातून शिरलो की मुली "आजोबा आले, आजोबा आले" म्हणतात. वॉचमन सलाम ठोकतो. छाती फुगते माझी, खोटं कशाला सांगू? कालच शिडी म्हणाली, "आजोबा, मामापुढे मी कधी घाबरले नव्हते. तुमच्यापुढे घाबरले. म्हणून वॉर्डात नाही घाबरले."

आता त्या मुलींचे हात ओळखू येतात मला. एकीचे गार, एकीचे घाईचे. महिन्यापूर्वी फडकं कसं धरायचं कळत नव्हतं त्यांना. पुस्तक वाचून हात असे होत नाहीत. कुणीतरी खाली आडवं व्हावं लागतं.

एक वाईट कळलं. सिस्टर परीक्षेतही मला पेशंट करणार आहेत, पण घुमीचा पेशंट मी होऊ शकत नाही. नात्यातलं माणूस चालत नाही. तिच्या वाट्याला मामाच.

२ मार्च

घुमी आज पुन्हा मुकी होऊन आली. जेवली नाही.

शेवटी माझ्या खोलीत येऊन बोलली. वॉर्डात ती एका नर्सबरोबर उभी होती, भांडं धरून. पलंगावरच्या माणसाने नर्सला सोडून हिलाच विचारलं, "पोरी, मी बरा होईन का?" हिला उत्तर माहीत नव्हतं. ही गप्प राहिली. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"मी काय सांगायला हवं होतं, आजोबा?"

 मी म्हटलं, मलाही नाही सुचलं असतं. फक्त एवढं म्हटलं, की मी विचारतो तेव्हा दर वेळी उत्तरच हवं असतं असं नाही. पाणी गार आहे का, हे मला हात बुडवून कळतंच की. समोर कुणीतरी आहे, एवढं कळायला हवं असतं.

हे मला तिला सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

मुलगा बाहेरच्या खोलीत ऐकत होता. दुकानाचं काही बोलला नाही.

१५ मार्च

उद्या परीक्षा. तिने पोशाख स्वतः इस्त्री केला. गॅस बंद आहे. दाराला कडी आहे. पुन्हा बघून आलो. तिच्यापेक्षा मलाच पाणी जास्त लागतंय.

१६ मार्च

सगळं लिहून काढतो, नाहीतर विसरेन. विसरणार नाही म्हणा.

परीक्षा घ्यायला बाहेरगावच्या एक बाई आल्या होत्या. जाड चष्मा, हातात पेन, तोंडावर कसलाच भाव नाही. घुमी शेवटच्या पलंगापाशी, मामाबरोबर. त्याच्या शेजारच्या पलंगावर मी – शिडीचा पेशंट, मोडलेला पाय. शिडीची पाळी घुमीनंतर. मध्ये नुसता हिरवा पडदा. मोठ्या सिस्टरनी मला बजावलं होतं, "आजोबा, पडद्यापलीकडे काहीही झालं तरी चकार शब्द काढायचा नाही." मी पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पलीकडे शांतता. पाणी ओतल्याचा आवाज. पुन्हा शांतता.  बोल ग बाई. बोल.

मग आवाज आला. हळू, पण स्पष्ट.

"नमस्कार, आजोबा. मी तुमचं अंग पुसून देणार आहे. पाणी कोमट आहे, बोट बुडवून बघा." मग थांबली. कुणीतरी खरंच बोट बुडवावं, इतका वेळ. "बरोबर आहे ना? आता तोंड पुसते. साबण नाही लावत तोंडाला, डोळ्यांत जाणार नाही."

पुन्हा थांबली. मग म्हणाली, "हो, खिडकी लावलीय."

थोड्या वेळाने, "नाही, कुणाला दिसत नाही. पडदा आहे सगळीकडून."

मग, "लेंगा नका काढू. चादरीखालून करू आपण."

 ते माझे प्रश्न होते! एकेक माझा! मामाच्या रबरी तोंडातून मी विचारत होतो आणि ती उत्तरं देत होती.

परीक्षक बाईंचा आवाज आला. "थांब. कोण काय विचारतंय तुला? पुतळा तर काही बोलत नाही."

 आता गेलं सगळं, असं वाटलं. आमच्या घुमीला असं कुणी टोकलं की तिचं तोंड बंद होतं, ते आठवडाभर उघडत नाही.

"विचारत नाहीयेत, मॅडम," घुमी म्हणाली. "पण त्यांना वाटत असणार."

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. बाई म्हणाल्या, "चालू दे."

"आता कुशीवर वळवते, आजोबा," घुमी म्हणाली. "माझा हात पाठीशी आहे. पडणार नाही तुम्ही."

मी इकडे तोंडावर चादर ओढून घेतली. शिडी आली आणि घाबरली. "आजोबा, पाय जास्त दुखतोय का?" मी म्हटलं, "हो ग, फार दुखतोय." तिला वाटलं किती छान नाटक करतात.

२३ मार्च

पास! पास! प्रात्यक्षिकात वर्गात पहिली!!

मोठ्या सिस्टरनी स्वतः फोन केला. मुलगा फोनवर नुसतं "हो, हो" म्हणत होता. ठेवल्यावर म्हणाला, "बाबा, ती त्या बाहुलीशी इतकं बोलली म्हणे, की परीक्षक बाईंना बाहुलीची दया आली."

आणि मग काय केलं त्याने? मावशीच्या दुकानाचं नाव नाही. बाहेरच्या खोलीत खाली बसला, घुमीचे वॉर्डात घालायचे पांढरे बूट घेतले, आणि त्यांना पांढरं पॉलिश लावत बसला. ती म्हणाली, "बाबा, मी करते." तर म्हणाला, "तुला पेशंट बघायचेत. बूट मी बघतो."

म्हातारी म्हणाली, "आता तुम्हाला काळजी करायला काय उरलं?" मी म्हटलं, पुष्कळ आहे. उद्यापासून खरी माणसं.

३० मार्च

दुपारी आडवा होऊन वाट बघत होतो. घुमी आली, म्हटलं, आज अंग पुसायचं नाही का?

"वॉर्डात चार जणांचं करून आलेय, आजोबा," म्हणाली. "दमले." आणि बाजूलाच झोपून गेली.

चार जणांचं! स्वतःच्या हाताने! मी पंखा एकावर ठेवला आणि गप्प बसलो. मला जमतं ते. कधी कधी.

९ एप्रिल

घुमी वॉर्डातून आली आणि बूट न काढता माझ्या पलंगावर टेकली. मी विचारायच्या आधी स्वतःच सांगायला लागली. खिडकीजवळच्या एका आजोबांचं अंग पुसत होती. तोंड झालं, हात झाले, छाती झाली. कुशीवर वळवणार, तोच त्यांचा श्वास थांबला. तिने हाक मारली. सगळे धावले, डॉक्टर आले, करायचं ते सगळं केलं, आणि मान हलवून गेले. मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "तू बाहेर बस जा, बाळ. बाकीचं आम्ही करतो." ही म्हणाली, "त्यांची पाठ पुसायची राहिलीय, सिस्टर."

"मग?" मी विचारलं.

"पुसली."

"आणि…" मला पुढे विचारवेना.

"सांगितलं ना त्यांना," घुमी म्हणाली. "आता कुशीवर वळवते, आजोबा. पाणी कोमट आहे."